जेबेल शम्सची एक दिवसाची सहल: गाडी पैकीच्या पैकी, गाईड नापास

आधी निकाल, मग कारणं. मस्कतहून सकाळी दारातून उचलायचं, ओमानच्या जेबेल शम्स डोंगरावर न्यायचं, तिथली दरीच्या काठाकाठानं जाणारी वाट चालवायची आणि रात्री घरी आणून सोडायचं, अशी ही टूर. तिला मी पाचपैकी साडेतीन तारे देतो. त्यातले अडीच ड्रायव्हरचे आणि त्याच्या गाडीचे. उरलेला एक त्या डोंगराचा, ज्यात कंपनीचं कर्तृत्व शून्य. कंपनीचं नाव देत नाही. मस्कतमध्ये अशा बऱ्याच आहेत, कार्यक्रम थोड्याफार फरकानं सगळ्यांचा तोच. पैसे देण्याआधी काय विचारून घ्यायचं एवढं कळलं तरी पुरे.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातली कितीतरी पोरं आखातात आहेत. नातवंडं बघायला म्हणून इथनं आई-बाप जातात, आठवड्याभरात सगळे मॉल पालथे घालून होतात आणि मग गॅलरीत बसून 'इथं वारंच नाही गा' म्हणत दिवस काढतात. अशा वेळी कुणीतरी मोबाईलवर या डोंगराचे फोटो दाखवतं. खाली लिहिलेलं असतं, 'सोपी चाल, सर्व वयोगटांसाठी'. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं वर गेल्यावर कळून उपयोग नाही.

माझं म्हणाल तर उद्यमबागेत छोटी फौंड्री आहे, वय अठ्ठावन्न. रविवारी पहाटे येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढणाऱ्या टोळीतला मी जुना गडी. सौ. रोज चालते, पण मैदानावर. मेहुणा मस्कतला एका कंपनीत हिशोब बघतो, त्याचा मुलगा कॉलेजात. असे आम्ही चौघं. गाडी पूर्ण आमचीच, जेवण-पाण्यासकट 120 रियाल. एक रियाल म्हणजे दोनशेच्या वर रुपये. गुणाकार मी मनात केला आणि सौ.ला सांगितला नाही.

गाडीपासून सुरू करतो, कारण पैसे तिचेच आहेत. सहाची वेळ दिली होती, पावणेसहाला गाडी खाली उभी. धंद्यामुळे माझी नजर आधी चाकांवर जाते. चारही टायर एकाच कंपनीचे, नक्षी खोल, मागं लटकवलेला पाचवाही तसाच. डिकीत फावडं, जाड दोरखंड, हवा भरायचा छोटा पंप. ड्रायव्हर ओमानी, पन्नाशीचा, पांढरा झगा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, बोलणं कमी आणि हिंदी माझ्यापेक्षा साफ. शेजारी गाईड बसलेला, तरुण, बोलणं भरपूर. त्याच्याकडे नंतर येतो.

मस्कत ते निझवा दीडशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता गुळगुळीत. बहुतेक लोक इथं झोपतात. झोपू नका. सामाईलच्या खिंडीतून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूला तांबूस काळे, उघडेबोडके डोंगर लागतात. गवताची काडी नाही. हा साधा दगड नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाचं कवच आणि त्याच्याही खालचा खडक भूगर्भातल्या रेट्यानं जमिनीवर चढला, तो हा. इतका मोठा आणि इतका उघडा असा पट्टा जगात फारसा कुठं नाही, म्हणून देशोदेशीचे भूगर्भतज्ज्ञ इथं हातोडी घेऊन येतात. याच खडकात क्रोमाइट नावाचं खनिज आहे, तांबंही आहे, आणि इथलं तांबं चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी जहाजानं मेसोपोटेमियाला जायचं.

क्रोमाइट म्हटल्यावर मी काचेला नाक लावलं. जाड कास्टिंग ओतताना मोल्डची साधी वाळू भाजून धातूला चिकटते, तिथं क्रोमाइटची वाळू घालतात. ती उष्णता झेलते आणि धातू लवकर थंड करते. आयुष्यभर ती पोत्यातून बघत आलो, डोंगरात पहिल्यांदा.

'काय बघूलाय मामा एवढं?' भाच्यानं विचारलं.

'माझा कच्चा माल,' म्हटलं. गाईडला विचारलं तर तो म्हणाला, 'माउंटन, सर.' तेव्हाच कळायला हवं होतं.

वाटेत करक चहाला थांबलो. टपरी केरळी माणसाची, चहा दाट, वेलदोडा सढळ हातानं. चहाला पाचपैकी पाच.

निझवा मागं टाकून अल हमराकडे वळलं की घुल नावाचं गाव लागतं. पलीकडच्या उतारावर जुन्या गावाचे ढासळलेले दगडी भिंतींचे अवशेष, खाली खजुराची हिरवी पट्टी. तिथून खरी चढण. बराच रस्ता डांबरी, मधला काही टप्पा कच्चा, खडीचा, वळणं आवळ आणि कठडा असला तर नशीब. मेहुण्याच्या ऑफिसातली मंडळी साधी गाडी घेऊन इथं येतात. शेजारच्या जेबेल अख्दरला चढताना पोलीस चौकीवरच साधी गाडी परत फिरवतात. इथं तशी चौकी नाही, म्हणून लोकांना चेव येतो. चढताना काही होत नाही, उतरताना होतं. येताना आमच्या पुढं अशीच एक छोटी गाडी होती, आणि तिच्या ब्रेकच्या लायनरचा जळका वास आमच्या बंद काचेतून आत आला. आमच्या ड्रायव्हरनं उतार सुरू व्हायच्या आधीच गाडी लो गिअरला टाकली होती. पाय ब्रेकवर क्वचितच, इंजिनच गाडी धरून होतं. खाली सपाटीला आल्यावर तो उतरला, एकेका चाकाजवळ पंजाची मागची बाजू नेली, न लावता, आणि परत येऊन बसला. फौंड्रीत गरम पेटीचा अंदाज आम्ही असाच घेतो. त्या माणसाला मी अडीच तारे का दिले, ते एवढ्यावरून समजा.

आता वाट. ती अल खितैम नावाच्या छोट्या वस्तीपासून निघते, समुद्रसपाटीपासून साधारण 1900 मीटरवर. साब बनी खमीस नावाच्या ओसाड गावात संपते. एका बाजूचं अंतर चार किलोमीटरच्या आत, जायला दीड-दोन तास, आणि आलो त्याच वाटेनं परत. चढ-उतार किरकोळ, जाताना थोडी उतरण, येताना तेवढीच चढण. नुसते पाय बघायचे तर राजहंसगड चढणाऱ्याला यात काहीच नाही. दगडांवर पिवळ्या-पांढऱ्या-लाल रंगाच्या खुणा ओळीनं आहेत, चुकायला दुसरी वाटच नाही.

पण एका हाताला दरी आहे. तिची खोली हजार मीटरच्या घरात. आपलं बेळगाव समुद्रापासून साधारण 750 मीटर उंच आहे. म्हणजे अख्खा चोर्ला घाट गोव्यापर्यंत उतरून होईल आणि तरी ही दरी उरेल. तीही घाटासारखी टप्प्याटप्प्यानं, झाडीतून नाही. पाऊल, खडकाची कड, आणि पुढं काही नाही. वाट बहुतेक ठिकाणी बैलगाडी जाईल एवढी रुंद, काही ठिकाणी मात्र दोन माणसांना एकमेकांना ओलांडताना एकानं थांबावं लागतं. उंचीचं भय असलेल्या माणसाला ही वाट सोपी नाही, मग गुडघे कितीही दणकट असोत. सौ.ला हे पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. एका अरुंद जागी ती खडकाला पाठ लावून उभी राहिली.

'अहो, मी इथंच बसते, तुम्ही जाऊन या.'

'ताई, तू भिंतीकडनं चल, बाहेरनं मी,' मेहुणा म्हणाला. 'दाजी, तुम्ही पुढं व्हा आणि बडबड करत राहा.' मी गेल्या वर्षीच्या जीएसटीबद्दल बोलत राहिलो, तेवढ्यात ती जागा पार झाली.

आणि ह्याच जागी गाईड हवा होता. तो कुठं होता? पहिल्या वळणापर्यंत आला, चार फोटो काढून दिले, 'रास्ता सीधा है, पेंट देखते जाओ' म्हणाला आणि गाडीकडे परत. बुकिंगच्या कागदावर 'संपूर्ण चालीत अनुभवी गाईडची सोबत' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. वाट दाखवायला गाईड लागत नाही हे त्याचं म्हणणं खरं, पण त्याला पैसे वाट दाखवायचे नसतात. कुणाचा पाय मुरगळला तर काय? फोनची रेंज तिथं येते-जाते. ओमानात पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्यासाठी 9999 हा एकच नंबर आहे, हे आम्हाला मेहुण्याला माहीत म्हणून माहीत. गाईडनं तोंडातून काढलं नाही. गावाच्या वर एक पाण्याचं कुंड आहे, हेही समोरून येणाऱ्या लोकांकडून कळलं.

उन्हाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं आपली सह्याद्रीची सवय घात करते. मस्कतला वर्षाकाठी पाऊस शंभरेक मिलिमीटर. आपल्या कणकुंबीला जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. आपण चालतो ती हवा ओली, घाम निथळतो, शर्ट चिकटतो, मग आपसूक पाणी पितो. वर जेबेल शम्सला हवा कोरडी ठणठणीत. हजार मीटर चढलं की पारा साडेसहा अंशांनी उतरतो, त्यामुळे डिसेंबरात सकाळी वारा अंगाला झोंबत होता, सौ.नं शाल सोडली नाही. घाम येतो पण दिसत नाही, यायच्या आधीच वाळतो. तहान लागत नाही. परत येताना मेहुण्याच्या काळ्या टोपीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती, तेव्हा त्याला कळलं किती गेलं ते. आमच्याकडं भट्टीवरच्या पोरांना दुपारी मीठ घातलेलं ताक ठरलेलं असतं, तहान असो-नसो. इथंही तोच नियम लावायचा, ताकाऐवजी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

कंपनीनं काय दिलं? माणशी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. माझ्या मते माणशी तीन लिटरच्या खाली जाऊच नये, कारण वाटेत दुकान नाही, नळ नाही. आमच्या मेहुण्यानं घरून पाण्याचा अख्खा बॉक्स डिकीत टाकला होता म्हणून निभावलं. सावली म्हणजे खडक जिथं पुढं आलाय तिथली, नाहीतर एखाद्या रानटी ऑलिव्हची किंवा जुनिपरची. ही झाडं चिवट, वाकडी, खोडाला पीळ पडलेली. पण सावली एका माणसापुरती.

दगडाची गंमत भाच्यानं शोधली. वरचा खडक खालच्या काळ्या डोंगरांहून अगदी वेगळा, करडा चुनखडक. विसाव्याला बसलो तिथं त्याला एक पांढरट नखाएवढी कोर दिसली. बाटलीतलं चार थेंब पाणी टाकून बोटानं चोळलं तसं शिंपल्याचं वळण लख्ख उठून आलं, आतल्या रेघांसकट. शेजारी अजून दोन. म्हणजे खालचे डोंगर समुद्राच्या तळाखालचे आणि हे दोन हजार मीटर उंचीवरचे कडे उथळ समुद्राच्या गाळातून झालेले. हे सांगायला गाईड असता तर त्याला अर्धा तारा तरी दिला असता.

चालायला हा खडक खरबरीत, बूट धरून ठेवतो. आपल्याकडं पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं तसला घसरडेपणा इथं नाही. घसरायचं ते वरच्या सुट्या खडीवरून. मी बेळगावच्या कॅम्पातून घेतलेले कॅनव्हासचे हंटर शूज घातले होते. पकड उत्तम, पण तळ पातळ. परतीच्या वाटेवर एकेक खडा तळव्याला ओळख सांगत होता. जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे बूट असतील तर तेच न्या. चपला नकोत, मग त्या अथणीच्या का असेनात.

साब बनी खमीस हे या सगळ्या खटाटोपाचं फळ. कड्याच्या पोटात खडक छपरासारखा पुढं आलाय आणि त्याच्याखाली दगड-मातीच्या खोल्या बांधल्यात. मागची भिंत आणि छप्पर डोंगराचंच, माणसानं फक्त पुढची भिंत घातलेली. दारं एवढी बुटकी की मला कमरेत वाकावं लागलं. आत धुरानं काळा पडलेला खडक. खाली दरीच्या तोंडाशी पायऱ्यापायऱ्यांची शेतं, ताली अजून शाबूत. दोन्ही हात पसरले तर एखाद्या वाफ्याची रुंदी संपते. अशा जागी माणूस का राहिला, हा प्रश्न आम्ही बराच वेळ चघळला. उत्तर वर होतं. भाचा दगड धरत धरत कुंडापर्यंत गेला, पाय बुडवून आला आणि म्हणाला, पाणी कड्यातून पाझरतंय. या उजाड डोंगरात जिथं पाझर, तिथं गाव. आम्ही ते चढलो नाही. तिथं हात वापरावे लागतात आणि सौ.नं डोळे वटारले होते.

जेवणाची तक्रार मोठी आहे. बुकिंग करताना 'चौघंही शाकाहारी' असं मेहुण्यानं लिहून दिलं होतं. दिवस शनिवारचा, सौ.चा मारुतीचा वार. पुठ्ठ्याचे डबे उघडले तर दोन सँडविच चिकनचे, दोन काकडीचे, चारही गारठलेले. 120 रियाल मोजून दरीकाठी गरम जेवणाचे मांडे मनातच राहिले. सौ.नं शांतपणे आपली पिशवी उघडली. ज्वारीचे धपाटे, शेंगाचटणी, लोणच्याच्या फोडी आणि गोकाकचं कर्दंट. दशमी-धपाट्यांना कुठल्याच डोंगरावर तोड नाही हे मला आधीच माहीत होतं. कर्दंटाचं मात्र नवल वाटलं. गूळ, डिंक, सुकामेवा, वितळत नाही, सांडत नाही, एक वडी खाल्ली की तासभर पाय चालतात. आखातात पोरांसाठी कुंदा नेतोच आपण, पण तो घरच्या फ्रिजात ठेवा. डोंगरावर कर्दंट.

चिकनच्या डब्यांचं काय झालं, तर वस्तीजवळच्या शेळ्यांनी ते हेरले. या शेळ्या फार धीट, पिशवीत तोंड घालतात. एकीनं डबा पळवला, सँडविच जमिनीवर टाकलं आणि पुठ्ठा तेवढा खाल्ला. आम्ही सँडविच उचलून कचऱ्याच्या पिशवीत घातलं. वाटेवर प्लास्टिक टाकू नका, या जनावरांच्या पोटात जातं.

वाटेच्या तोंडाशी लोकरीच्या पट्ट्या आणि सतरंज्या विकायला मांडलेल्या असतात, तांबड्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, तिथंच विणलेल्या. हात लावला की आपल्या घोंगडीची आठवण येते, तीच खरखर, तोच जनावराचा वास. बारकी पोरं लोकरीचे किचेन घेऊन मागं लागतात. भाव आधी चढा सांगतात. सौ.नं गणपत गल्लीच्या पद्धतीनं घासाघीस केली, अर्ध्यावर नाही पण बऱ्यापैकी उतरवलं, आणि टीपॉयवर बसेल एवढी एक पट्टी घेतली.

आता कुणी जावं. चालायची सवय आहे, उंचीचं भय नाही, अशा साठीच्या माणसानं खुशाल जावं. भय असेल तर गाडीनं वरच्या कठड्यापर्यंत जा, तिथून दरी अख्खी दिसते, चाल भाच्यांना करू दे. लहान मूल कडेवर घेऊन जाऊ नका. आम्ही एक जोडपं तसं बघितलं आणि काळजाचा ठोका चुकला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी जाऊच नका, कारण खालच्या कोरड्या ओढ्यांना, ज्यांना तिकडं वादी म्हणतात, बघता बघता लोंढा येतो आणि रस्ता तिथूनच ओलांडायचा असतो. वाटेवर संडासाची सोय नाही, बायकांनी खालीच जाऊन यावं; आमच्या ड्रायव्हरनं हे न विचारता सांगितलं आणि गाडीही थांबवली.

बुकिंग करताना तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको: गाईड शेवटपर्यंत चालणार का, पाणी माणशी किती लिटर, आणि जेवण काय. गाईड चालणार नसेल तर नुसती गाडी आणि ड्रायव्हर मागा, दर उतरतो. मेहुण्याच्या ओळखीतल्यांनी नंतर तसं केलं आणि 30 रियाल वाचवले.

ड्रायव्हरला आम्ही वेगळे पाच रियाल दिले. घ्यायला तयार नव्हता, सौ.नं कर्दंटाचा उरलेला पुडा हातात ठेवला, तो मात्र लगेच घेतला आणि गाडीतच फोडला. कंपनीला मेहुण्यानं जेवण आणि गाईड या दोन्हींबद्दल मेल केली. जेवणाबद्दल माफी आली, पुढच्या सहलीला दहा टक्के सूट म्हणून. गाईडबद्दल एक अक्षर नाही. आलं तर इथंच भर घालीन.